संतुलित बल म्हणजे वस्तू थांबलेलीच, असं मुलांना शिकवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या विद्यार्थी पानावर मागे आठवीच्या 'बल व दाब' या धड्यावर सराव प्रश्न आले होते. त्यात एक वाक्य होतं की वस्तूवर संतुलित बल असेल (म्हणजे विरुद्ध दिशांची बलं सारखी होऊन एकमेकांना कापत असतील) तर वस्तू स्थिर राहते आणि असंतुलित बल असेल तर ती हलू लागते. माझ्या शिकवणीतल्या पोरांनी ते कात्रण वहीत चिकटवून आणलं म्हणून माझ्या नजरेस पडलं. त्या वाक्याचा पहिला भाग अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच तो पोरांच्या डोक्यात चुकीची गोष्ट पक्की करतो, आणि हे एकट्या तुमच्या पानाचं नाही, बाजारातल्या गाईडमध्ये तेच, मोबाईलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत तेच, आणि पोरं तोंडपाठ करून पेपरात लिहून मार्कही मिळवतात. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेप्रमाणे कापा पण रेल्वेचं उदाहरण कापू नका ही विनंती.

खरं वाक्य असं पाहिजे: वस्तूवरची बलं संतुलित असतील तर तिच्या गतीत बदल होत नाही. थांबलेली असेल तर थांबलेलीच राहील, आणि चालत असेल तर त्याच वेगाने, त्याच दिशेने, सरळ चालत राहील. यातला दुसरा अर्धा भाग गाळला की सगळं बिघडतं, कारण मग पोरांचा समज असा होतो की हलतंय म्हणजे कुठलं तरी बल जिंकतंय आणि थांबलंय म्हणजे बरोबरी झालीय. पुढे नववीला न्यूटनचा पहिला नियम येतो तेव्हा ते तो पाठ करतात पण मनातून मानत नाहीत, आणि अकरावी सायन्सला गेल्यावर फिजिक्स जड जातं म्हणून रडतात, त्या रडण्याचं मूळ बऱ्याचदा इथे सहावी ते आठवीत असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कर्जतला राहते, सहावी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आमच्या गावात या विषयाची जी प्रयोगशाळा आहे तशी फार कमी गावांना मिळाली असेल, ती म्हणजे आमचं स्टेशन. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात, लोक वडापाव घ्यायला खाली उतरतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाला बँकर लागतात. बँकर म्हणजे जादा इंजिनं, ती मागून गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. कर्जत ते लोणावळा अंतर साधारण २८ किलोमीटर, आणि घाटातला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावर असा चढ स्कूटरवाल्याला जाणवतसुद्धा नाही पण रेल्वेसाठी हा फार मोठा चढ आहे, आपल्या देशात मेन लाईनवर असे चढ थोडेच, कसारा घाट हा दुसरा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा चढ आहे तसाच आहे, इंजिनं बदलली, वाफ जाऊन वीज आली, चढ काही कमी झाला नाही.

आता पोरांना मी हिशोब करायला लावते. समजा डबे, माणसं, सामान सगळं धरून १००० टनांची गाडी आहे. ३७ ला १ चढावर गुरुत्वाकर्षण तिला उताराच्या दिशेने मागे किती ओढेल? ढोबळ हिशोब सोपा आहे, १००० ला ३७ ने भागा, २७ टन. (बल न्यूटनमध्ये मोजायचं असतं हे मी त्यांना सांगतेच, साधारण पावणेतीन लाख न्यूटन होतात, पण आठवीच्या पोराला टन लगेच कळतो म्हणून आधी टन.) त्यात चाकं आणि रूळ यांचं घर्षण, बेअरिंग, हवा, वळणं असं सगळं मिळून आणखी तीनेक टन धरा. म्हणजे मागे खेचणारं बल साधारण ३० टन. सपाटीवर हीच गाडी सावकाश चालवायला त्या वरच्या तीनेक टनांएवढाच जोर लागला असता, घाटात त्याच्या दहापट लागतो, आणि तेवढा जोर एकट्या इंजिनाने लावायचा म्हटलं तर चाकं रुळावर घसरायची भीती, त्यात आमच्याकडचा पावसाळा, ओले रूळ. इंजिनात वाळू भरलेली असते आणि चाकाच्या पुढे रुळावर ती सोडतात, पकड मिळावी म्हणून, हे पोरांना सांगितलं की ती पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर वाकून चाकाजवळचा पाइप शोधतात. पुढे ओढणारं एक आणि मागून ढकलणारी दोन-तीन अशी जोराची वाटणी केली की चाकं घसरत नाहीत, डब्यांच्या जोडावरही सगळा ताण येत नाही, आणि समजा जोड तुटलाच तर मागचे डबे सुटून खाली धावत नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. मग मी विचारते की गाडी ठाकुरवाडीच्या पुढे एकाच स्पीडने चढतेय, ना वाढत ना कमी होत, तर इंजिनांचं मिळून पुढचं बल किती? वर्गातली बहुतेक पोरं म्हणतात ३० पेक्षा जास्त, कुणी ३५ म्हणतं, कुणी ४०, एखादा तर ६० म्हणतो. जास्त असल्याशिवाय गाडी चढेलच कशी बाई, असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणणं अगदी मनापासून असतं. उत्तर आहे ३०. बरोबर ३०, वर काही नाही. सरळ रुळाच्या तुकड्यावर गाडी एकसारख्या वेगाने चढत असेल तर पुढचं आणि मागचं बल सारखं आहे, निव्वळ बल शून्य आहे, म्हणजे हजार टनांची गाडी सह्याद्री चढतेय आणि तिच्यावरची बलं संतुलित आहेत.

मग ती हलली कशी? हलली कर्जतला. सिग्नल मिळाला तेव्हा इंजिनांनी मागे खेचणाऱ्या बलापेक्षा जास्त जोर लावला, तेव्हा बल असंतुलित होतं, त्या असंतुलनाने वेग शून्यावरून वाढत गेला. हवा तेवढा वेग आला की ड्रायव्हर जोर जुळवून घेतो, पुढचं मागचं सारखं होतं, आणि मिळालेला वेग टिकून राहतो. घाटात जोर ३० च्या खाली आला तर गाडी लगेच थांबत नाही, तिचा वेग कमी कमी होत जातो, तेव्हाही ती पुढेच जात असते पण बल मात्र मागच्या बाजूने जास्त असतं. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते, कारण पुढे जाणाऱ्या वस्तूवर मागच्या दिशेचं बल जास्त असू शकतं ही गोष्ट पोरांना सगळ्यात जास्त खटकते, आणि खटकली तरच ती विचार करतात.

उतरताना सगळं उलट. तेच २७ टन आता गाडीला खाली ढकलतात, ब्रेकने त्यांना रोखून धरायचं असतं, आणि वेग एकसारखा ठेवून उतरणारी गाडीसुद्धा संतुलित बलाचंच उदाहरण. ब्रेक कमी पडले तर वेग वाढतच जाणार म्हणून घाटात कॅच सायडिंग केलेल्या आहेत, म्हणजे बेकाबू गाडी बाजूला वळवायचा रूळ, तो चढाचा असतो, गाडी त्यावर घुसली की ज्या गुरुत्वाकर्षणाने तिला पळवलं तेच तिला रोखून थांबवतं. शेजारच्या रस्त्यावर खंडाळ्याच्या उतारावर काही ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, त्याचं गणितही हेच आहे, गिअरमध्ये असताना इंजिनाचा जो विरोध मिळत होता तो सोडून दिला, सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक तापले की त्यांची पकड जाते आणि उताराच्या बलाला अडवायला काही उरत नाही. उतारावर न्यूट्रल करू नका हे बोर्ड आठवीच्या धड्यात फोटोसह असायला पाहिजेत असं मला फार वाटतं.

हे झालं कर्जतचं. पण ज्यांच्या गावात रेल्वे नाही त्यांनी काय करावं, तर एक वीट घ्या आणि भंगारवाले वापरतात तो हुकाचा स्प्रिंगचा काटा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. विटेला सुतळी बांधून काटा अडकवून फरशीवर ओढायचं. सुरुवातीला हळूहळू जोर वाढवत गेलं की काटा सरकतो पण वीट हलत नाही, इथे पोरांना थांबवून विचारायचं की तू ओढतोयस तरी वीट का हलत नाही. कारण फरशीचं घर्षण तेवढंच उलट वाढतंय, तू अर्धा किलोचा जोर लावलास तर तेही अर्धा, तू पाऊण लावलास तर तेही पाऊण. मग एका क्षणी वीट सुटते, आणि सुटली की काट्याचं रीडिंग लगेच थोडं खाली येतं. आता एकसारख्या वेगाने ओढत राहायचं, घाई करायची नाही, बाजूच्याने काट्याकडे बघायचं. काटा एका जागी जवळपास स्थिर राहतो. वीट चालतेय, काटा स्थिर आहे, तुझी ओढ आणि फरशीचं घर्षण सारखं झालंय. हळू ओढलं काय आणि जरा जोरात पण एकसारखं ओढलं काय, रीडिंग जवळपास तेच येतं, हे बघून माझ्याकडची एक सातवीची मुलगी म्हणाली की मग जास्त स्पीडला जास्त जोर लागतच नाही का बाई. लागतो, पण स्पीड वाढवताना लागतो, आणि हवेचा विरोध असेल तिथे जास्त स्पीड टिकवायलाही लागतो, सायकलवाल्याला विचारा. पण तिचा प्रश्न इतका नेमका होता की त्या दिवशीचा पुढचा सगळा तास मी त्याच्यावरच घालवला. नंतर विटेखाली चार गोल पेन्सिली आडव्या ठेवल्या की काटा एकदम खाली येतो, तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो.

कॅरमवर हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. बोर्ड कोरडा असला की स्ट्रायकर अर्ध्यात थांबतो, बोरिक पावडर टाकली की त्याच टिचकीत तो जाऊन भिंतीवर आपटून परत येतो. बोट सुटल्यावर स्ट्रायकरला पुढे ढकलणारं काहीच नसतं, तो जातो तो आधी मिळालेल्या वेगाने, आणि थांबतो तो घर्षणाने. घर्षण कमी केलं तर लांब जातो, अजून कमी केलं तर अजून लांब, आणि घर्षण अजिबातच नसतं तर? हा जो तर आहे तिथे गॅलिलिओ पोचला, उतारावरून गोळे सोडून सोडून, आणि पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात त्याला नियम म्हणून जागा दिली. त्याच्या आधी जवळजवळ दोन हजार वर्षं ॲरिस्टॉटलचं म्हणणं चालत होतं की हलत ठेवायचं असेल तर ढकलत राहावं लागतं. आपली पोरं जे म्हणतात ते अगदी तेच आहे, त्यामुळे त्यांना मूर्ख ठरवायचं काही कारण नाही, बैलगाडी, हातगाडी, सायकल सगळीकडे त्यांना तसंच दिसतं, कारण घर्षण डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवून द्यायचं काम आपलं आहे, आणि अर्धवट व्याख्या देऊन आपण ते काम टाळतो.

आता रस्सीखेच. प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक गाईडमध्ये, तुमच्याही पानावर हेच उदाहरण, दोन्ही बाजूंचा जोर सारखा तर दोरी हलत नाही, एका बाजूचा जास्त तर तिकडे सरकते. सहावीपर्यंत हे ठीक आहे. पण आठवीच्या पोराला जरा पुढे न्यायला हरकत नाही, कारण दोरी जेवढी अ संघाला ओढते जवळपास तेवढीच ब संघाला ओढते, दोरीतला ताण दोन्ही टोकांना जवळपास सारखाच असतो. मग एक संघ जिंकतो कसा? पायाने. ज्यांच्या पायांना जमिनीची पकड जास्त मिळते ते जिंकतात. म्हणून तर अनुभवी संघ टाचा मातीत रुतवतात, मागे झुकतात, आणि शेवटचा गडी वजनदार घेतात. विश्वास बसत नसेल तर एका संघाला बुटांसकट खरखरीत कोब्यावर उभं करा आणि समोर दांडग्या पोरांना मोजे घालून गुळगुळीत टाईल्सवर उभं करा आणि निकाल बघा, आम्ही शाळेच्या व्हरांड्यात केलंय आणि मोजेवाले दांडगे पार घसरत गेले. दोरीवर नुसते दोन बाण काढून हे कळत नाही, प्रत्येक संघाचं वेगळं चित्र काढावं लागतं: या संघावर दोरीचं बल इकडे, जमिनीचं घर्षण तिकडे, दोन्ही सारखी असेपर्यंत संघ जागेवर, दोरी वरचढ झाली की संघ घसरला.

बैलगाडीच्या कोड्याचंही उत्तर यातच आहे. बैल गाडीला जेवढं पुढे ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढते, हा न्यूटनचा तिसरा नियम, मग दोन्ही एकमेकांना कापून गाडी हलायलाच नको असं हुशार पोरं म्हणतात आणि कधी कधी शिक्षकही गप्प होतात. पण ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, एक गाडीवर आणि एक बैलावर, आणि संतुलन बघायचं ते एकाच वस्तूवरच्या बलांचं. गाडीवर काय काय आहे ते मोजा: बैलाची ओढ पुढे, चाकांचा आणि रस्त्याचा विरोध मागे. ओढ जास्त असेल तर गाडी वेग घेईल, सारखी झाली की त्याच वेगाने चालत राहील. एकाच वस्तूवरची बलं मोजायची, ही एक सवय लावली तरी निम्मा गोंधळ संपतो.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला पाहिजे, म्हणजे वस्तू क्षणभर थांबलेली पण बल असंतुलित. बॉल सरळ वर उडवा. सगळ्यात वर पोचल्यावर क्षणभर त्याचा वेग शून्य असतो, तुमच्या पानावरच्या वाक्याप्रमाणे तिथे बल संतुलित असायला पाहिजे, पण त्याच्यावर खाली खेचणारं गुरुत्वाकर्षण आहे आणि वर ढकलणारं काहीही नाही, हात तर केव्हाच सुटला. बल असंतुलित आहे म्हणून तर तो तिथे टांगून राहत नाही, लगेच खाली यायला लागतो. पोरांना या बॉलवर बाण काढायला सांगा, दहातली आठ पोरं वर जाताना वरच्या दिशेने 'हाताचं बल' म्हणून बाण काढतील. तो बाण खोडून घेणं हे आठवीच्या विज्ञानातलं सगळ्यात मोठं काम आहे असं मी मानते.

लिफ्टचं थोडक्यात सांगते, आता आमच्याकडेही टॉवर झालेत. वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायचं. वर जायला सुटताना काटा जास्त दाखवतो, मध्ये एकसारखी चालली की नेहमीचं वजन, वरच्या मजल्यावर थांबताना कमी. मधल्या टप्प्यात लिफ्ट चांगली जोरात वर जात असते पण काटा खोलीत दाखवतो तेवढंच दाखवतो, कारण तुमचं वजन आणि काट्याचा वरचा रेटा सारखा आहे. (वॉचमनला आधी सांगून ठेवा, पोरांची वर्दळ बघून तो वैतागतो.)

आणि पाऊस. ढग एक किलोमीटरवर धरला आणि हवेचा विरोध नसता तर थेंब जमिनीवर ताशी ५०० किलोमीटरने आदळला असता, माथेरानच्या पावसात कुणी बाहेर पडू शकलं नसतं. प्रत्यक्षात थेंब पडायला लागला की वेग वाढतो, तसा हवेचा विरोध वाढतो, आणि विरोध वजनाएवढा झाला की वेग वाढायचा थांबतो, मोठे टपोरे थेंब ताशी तीसेक किलोमीटरने येतात आणि भुरभुर त्याहून कितीतरी हळू. म्हणजे आपल्या छत्रीवर पडणारा जवळजवळ प्रत्येक थेंब संतुलित बलाखाली पडत असतो. जून ते सप्टेंबर चार महिने हे उदाहरण वर्गाच्या खिडकीबाहेर पडतंय आणि आपण पोरांना टेबलावरचं पुस्तक दाखवतो. चांद्रयान ३ चं लँडिंग २३ ऑगस्ट २०२३ ला शाळाशाळांत लाईव्ह दाखवलं, त्यात उतरण्याआधी साधारण १५० मीटर उंचीवर विक्रम काही सेकंद तरंगत थांबला होता, जागा नीट आहे का बघायला, तेव्हा इंजिनाचा वरचा रेटा आणि चंद्रावरचं त्याचं वजन सारखं केलेलं होतं. नंतर रेटा पुन्हा जुळवत जुळवत तो हळूहळू खाली आला. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण बलांचा हा खेळ वर्गात कुणी समजावून सांगितला असता तर पोरं धडा विसरली नसती.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने लिहिते त्याला परीक्षेपलीकडचं कारण आहे. एसटीत ब्रेक लागला की उभी माणसं पुढे जातात, आणि सगळे म्हणतात की बसने पुढे फेकलं. फेकणारं कुणी नसतं. बसला ब्रेकने मागच्या दिशेचं बल मिळालं म्हणून ती थांबायला लागली, तुमच्या पायांना फरशीचं थोडं घर्षण मिळालं पण वरच्या अंगाला थांबवणारं काहीच नव्हतं म्हणून ते आधीच्या वेगाने चालत राहिलं. दांडी धरली असेल तर दांडी तुम्हाला थांबवते. कारमध्ये ते काम सीट बेल्ट करतो, आणि बेल्ट नसेल तर डॅशबोर्ड किंवा पुढची सीट किंवा काच करते. ताशी ६० ने चाललेली गाडी कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली तर बेल्ट नसलेला माणूस त्याच ६० ने पुढे जातो, आणि ६० चा वेग म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आपटतानाचा वेग. मागच्या सीटवर बसलेल्यांनाही हेच लागू आहे, आणि मांडीवर घेतलेल्या लहान मुलालाही, हाताने धरून ठेवू असं आईवडिलांना वाटतं पण १० किलोचं मूल तेवढ्या वेगातून निमिषात थांबवायला जो जोर लागतो तो कुणाच्याच हातात नाही. ज्या पोराला मनापासून कळलंय की चालती वस्तू आपली आपण थांबत नाही, तिला कशाने तरी थांबवावं लागतं, त्या पोराला बेल्ट लावायला सांगावं लागत नाही आणि ते ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीला चिकटून बाईक चालवत नाही. निदान माझ्याकडच्या मोठ्या झालेल्या मुलांत मी हे बघितलंय.

म्हणून आपल्याकडे काही मागणं आहे. पुढच्या अंकात ते वाक्य दुरुस्त करून छापा, छोट्या चौकटीत का होईना, कारण पोरं कात्रणं जपून ठेवतात आणि पेपरात छापलंय म्हणजे बरोबरच असं समजतात. सराव प्रश्नांत टेबलावरच्या पुस्तकाबरोबर एक तरी चालती वस्तू द्या, एकसारख्या वेगाने जाणारी एसटी, वर जाणारी लिफ्ट, पडणारा थेंब, काहीही. बाणांचे प्रश्न द्या, नुसत्या रिकाम्या जागा भरा नकोत, कारण रिकामी जागा पाठांतराने भरता येते, बाण विचार केल्याशिवाय काढता येत नाही. शिक्षकांना विनंती की वर्षातून एकदा वीट आणि काटा वर्गात न्या, खर्च फारसा नाही. आणि पुण्याला जाणाऱ्या पालकांना विनंती की कर्जतला गाडी थांबली की पोरांना मोबाईल ठेवायला लावून मागच्या टोकाला नेऊन बँकर लागताना दाखवा, वेळ थोडा असतो म्हणून मागच्या डब्यातलं रिझर्व्हेशन असेल तरच जा, धावपळ करून चालत्या गाडीत चढू नका.

दुरुस्ती छापताना एक प्रश्नही सोबत छापता आला तर बघा, मी तयार करून देते: कर्जतहून निघालेली गाडी घाटातल्या सरळ रुळावर एकसारख्या वेगाने चढत आहे. इंजिनांचं मिळून पुढे नेणारं बल हे गुरुत्वाकर्षण आणि घर्षणाच्या मिळून मागे खेचणाऱ्या बलापेक्षा (अ) जास्त (ब) कमी (क) तेवढंच. आणि खाली एक ओळ सोडा, कारण लिहा म्हणून.

आपली नम्र,
विज्ञानाची शिकवणी घेणारी एक वाचक
कर्जत, जि. रायगड